वाढीव खोली कशावर उभी आहे?

घरबांधणीवरचे वाचकांचे प्रश्न. या वेळी तीन पत्रं घेतलीत. तिघांचं दुखणं जवळपास एकच, रिसेलचं घर मनात भरलंय, आधीच्या मालकाने त्याला मागून एक भाग जोडलाय, आणि तो भाग खाली कशावर टेकलाय ते कुणालाच धड सांगता येत नाहीये.

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही छत्रपती संभाजीनगरला बीड बायपासच्या बाजूला एक रो-हाऊस बघितलंय, वीसेक वर्षं जुनं असेल, खाली-वर मिळून. मागे जी मोकळी जागा सोडलेली असते तिथे मालकांनी १० बाय १५ ची खोली काढलीये, तिच्यावर अजून एक बेडरूम आणि त्याच्यावर पाण्याची टाकी. जुनी भिंत आणि नवी भिंत मिळते तिथे उभी भेग आहे, खाली जेमतेम दिसते, वर जाईल तशी रुंद होते. मालक म्हणतात प्लास्टरची आहे, पुट्टी मारून देतो. पिलर घेतलेत सगळीकडे, सोळा मिलिमीटरच्या सळया टाकल्यात असंही म्हणतात. एजंट म्हणतो बँक लोन देतीये म्हणजे बांधकाम ओकेच असणार. पुढच्या आठवड्यात इसार द्यायचाय, त्याआधी काय काय बघू?

उत्तर : एजंटचं बोलणं आधी बाजूला ठेवा. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो घराची किंमत काढायला, मंजूर नकाशा बघतो, आजूबाजूचा रेट बघतो, चार फोटो काढतो आणि जातो, पाया उकरून बघणं त्याच्या कामात येतच नाही. सोळाच्या सळयांचं कौतुक पण राहू द्या. वर कितीची सळई आहे त्यावरून खाली फुटिंग, म्हणजे पिलरच्या (कॉलमच्या) बुडाचं रुंद काँक्रीट, केवढं आहे आणि ते मुरमावर आहे का मातीवर, यातलं काहीही कळत नाही.

आता भेग. जोडावर भेग दिसली म्हणजे घर पडायला आलं असं अजिबात नाही. जुनं बांधकाम बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नवं अजून बसायचं असतं, म्हणून चांगला इंजिनीअर दोन्हीच्या मध्ये मुद्दाम इंचभर फट सोडतो, आत थर्माकोल, वरून ॲल्युमिनियमची पट्टी. अशी सोडलेली फट सरळ रेषेत असते आणि खालपासून वरपर्यंत सारखी असते, पावसाळ्यात तिथून ओल येते तेवढाच तिचा त्रास. तुमची तशी नाहीये. तुमची वर रुंद होत जातीये, म्हणजे मागचा भाग जुन्या घरापासून पाठीमागे कलतोय असा माझा अंदाज आहे. पुट्टीने ही भेग दिसायची बंद होईल, एखाद्या वर्षात परत उघडेल. भेगेच्या आत नीट बघा, मोबाईलचा टॉर्च मारून. आधीच्या पुट्टीचे, सिमेंटचे थर दिसले आणि ते पण चिरलेले असतील तर हा कार्यक्रम पूर्वीपण झालेला आहे. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असतं, ते वरच्या टोकाला आरामात आत जाऊन हलत असेल तर प्लास्टरची भेग ही गोष्ट विसरा.

का कलतंय, तर रो-हाऊसच्या मागच्या खोल्यांचं एक ठरलेलं दुखणं आहे. मागची भिंत अगदी हद्दीवर बांधलेली असते. फुटिंगचा चौकोन कॉलमच्या चारही बाजूंना सारखा पसरायला हवा, पण पलीकडे शेजाऱ्याची जागा, तिकडे कसा पसरणार, मग ठेकेदार कॉलम फुटिंगच्या अगदी कडेला उभा करतो. खाटेच्या काठावर बसलं की पलीकडची बाजू उचलते ना, तोच प्रकार. याला इलाज आहे, हद्दीवरचं फुटिंग आतल्या कॉलमच्या फुटिंगला जमिनीखालून भक्कम बीमने बांधायचं, इंजिनीअर त्याला स्ट्रॅप बीम म्हणतात. पण नकाशा न काढता मिस्त्रीच्या भरवशावर केलेल्या कामात हा बीम मी क्वचितच बघितलाय. खर्च वाचतो, आणि मातीखाली गेल्यावर कुणाला दिसणार.

दुसरी गोष्ट तुमच्याकडची काळी माती. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ती हीच. खाली दगड-मुरूम असतो पण कुठे दोन फुटांवर तर त्याच कॉलनीत दुसरीकडे आठ-दहा फुटांवर, त्यामुळे शेजाऱ्याला चार फुटांवर मुरूम लागला होता हे ऐकून समाधान मानू नका. बिल्डरने मूळ घराची फुटिंगं बहुतेक मुरमापर्यंत नेलेली असतात, वाढीव खोलीवाला तीन फूट खणतो, बिनसळयांच्या काँक्रीटचा थर (पीसीसी) टाकतो आणि सुरू करतो. मग जुनं घर जागच्या जागी आणि मागची खोली दर पावसाळ्यात थोडी वर, दर उन्हाळ्यात थोडी खाली. काळ्या मातीचा थर खोल असला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे बुडाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनीत घेतात, रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम-संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्याकडे रुळवली आणि ते साधारण साडेतीन मीटर तरी खाली नेतात, कारण त्याच्या खाली ओल फारशी बदलत नाही. तीन फूट आणि साडेतीन मीटर, फरक तुम्हीच बघा.

वजनाचा हिशोब ढोबळ सांगतो म्हणजे मालकांशी बोलताना उपयोगी पडेल. ९ इंची विटांची १० फूट उंच भिंत एका मीटर लांबीला सव्वा टनाच्या पुढे जाते. तुमच्या खोलीच्या तीन नव्या भिंती मिळून साडेदहा मीटर, खिडक्या-दारं वजा करून बारा टन धरा. स्लॅब, वरची फरशी, माणसं-सामान मिळून चौरस मीटरला सहाशे किलो, तुमची खोली जवळपास चौदा चौरस मीटरची, म्हणजे साधारण आठ टन. झाले वीस. वर तशीच दुसरी, चाळीस. वर हजार लिटरची टाकी, अजून एक टन. चार कॉलम धरले तर एकेकाला दहा टन. कडक मुरमावर अडीच बाय अडीच फुटांचं फुटिंग एवढं वजन निमूट घेईल. ओल्या काळ्या मातीवर मी चौरस मीटरला पाच टनांच्या वर धरणार नाही, म्हणजे तिथे पावणेपाच बाय पावणेपाच लागतं. आणि एकाच खोलीचा विचार करून टाकलेल्या फुटिंगवर नंतर बेडरूम चढवला असेल तर, कधी चढवला ते विचारा. दोन्ही एकदम बांधलं का दोन-पाच वर्षांनी, हे शेजारी मालकापेक्षा खरं सांगतात.

जोडाकडची बाजू बघा आता. तिथे नव्या खोलीचे स्वतःचे दोन कॉलम आहेत का? जुन्या कॉलमला चिकटून नवा उभा असेल तर कोपरा जाड दिसतो, जोड दिसतो. नसेल तर मग नवा स्लॅब जुन्या बीमला भोकं पाडून सळया केमिकलने चिकटवून, किंवा त्याहून वाईट म्हणजे विटांच्या भिंतीत खाचा मारून टेकवलेला असणार, आणि मग निम्मं वजन जुन्या घराच्या फुटिंगवर गेलं ज्याचा बिल्डरने कधी विचारच केला नव्हता. असं असेल तर प्रश्न मागच्या खोलीपुरता राहत नाही, पुढचं चांगलं घर पण त्यात ओढलं जातं.

आणि हो, सेप्टिक टँक. जुन्या रो-हाऊसमध्ये सेप्टिक टँक नाहीतर जमिनीतली पाण्याची टाकी बऱ्याचदा मागच्या मोकळ्या जागेतच असते. मूळ नकाशा मागून घ्या, त्यात टँक कुठे दाखवलीये ते बघा, आणि आज तिथे काय आहे ते बघा. टँकच्या भिंतीवर कॉलम उभे केलेले असतात, टँक नुसती मुरूम टाकून बुजवून वर फरशी केलेली असते, सगळे नमुने आहेत. मालकांना विचारा, मैला आता कुठे जातो? उत्तर द्यायला वेळ लागला तर समजा.

आत फिरताना फरशी खचलीये का आणि भिंत खचलीये का, या दोन गोष्टी वेगळ्या धरा. फरशी भरावावर असते, भराव नीट धुम्मस करून बसवला नाही की फरशी खाली जाते पण स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या बुडाची फरशीची पट्टी, भिंतीला चिकटून जागेवर राहतं, मग स्कर्टिंगच्या खाली फट दिसते. हे त्रासाचं आहे, धोक्याचं नाही. फरशी, स्कर्टिंग, खिडकीची चौकट सगळंच एका बाजूला उतरलं असेल तर पाया बसलाय. त्यासाठी गवंड्याची लेव्हलची नळी आणा, जुन्या खोलीतल्या आणि नव्या खोलीतल्या खिडक्यांच्या सिलची, म्हणजे खालच्या कडेची, तुलना करा, बाहेरच्या कोपऱ्याला वरून ओळंबा सोडा. बाजूच्या भिंतींवर तिरकी भेग असेल तर तिला काटकोनात खालच्या दिशेने बोट धरा, बोट जिकडे जाईल ती बाजू सहसा बसलेली असते. दाराची वरची फट एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी असेल, नाहीतर दाराला नुकताच रंधा मारलेला असेल, तर तेही टिपून ठेवा.

एवढं सगळं वरून बघून झालं तरी मी सांगेन, एक खड्डा घ्या. हॅमर टेस्टचा (काँक्रीटवर स्प्रिंगचा हातोडा आपटून घेतलेल्या चाचणीचा) रिपोर्ट कुणी दाखवला तर तो काँक्रीटच्या वरच्या सालीचा रिपोर्ट आहे, जुन्या काँक्रीटवर तर आकडा उगाच जास्त येतो, पायाबद्दल त्यातून शून्य कळतं. दोन मजूर, कुदळ-फावडं, फार तर एक दिवस. मागच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या कॉलमला लागून, हद्दीमुळे बाहेरून जमत नसेल तर आतून चार फरश्या काढून, साधारण तीन बाय तीनचा खड्डा. खणताना तुमचा स्ट्रक्चरल इंजिनीअर समोर हवा, मालकाचा नको. फुटिंगच्या तळाखाली खणत जायचं नाही, दोन कॉलमशी एकदम खणायचं नाही, भर पावसात खणायचं नाही, आणि बघून झालं की थराथराने ठोकून त्याच दिवशी भरून टाकायचं. खाली गेल्यावर फुटिंगचा काठ कॉलमपासून किती लांब आहे मोजा, काठाची जाडी मोजा, १५ सेंटीमीटरच्या आत असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाला पण ते मान्य नाही. काँक्रीटमध्ये खडी उघडी पडून भोकं दिसतायत का, सळईचा गंज बाहेर आलाय का. मग फुटिंगच्या बगलेला पहार मारून बघा. मुरूम असेल तर ठण्णकन आवाज येऊन हाताला झटका बसतो. पहार न अडता फूटभर आत गेली आणि टोकाला काळा चिकट लगदा आला, तर तुमच्या भेगेचं कारण मिळालं.

मालक खड्ड्याला नाही म्हणू शकतात, त्यांचं घर आहे. मग माझा सल्ला असा की त्या दोन वाढीव खोल्यांची किंमत शून्य धरून ऑफर द्या. खरंतर खड्डा चांगला निघाला तरी, मागच्या मोकळ्या जागेतल्या बांधकामाला परवानगी होती का ते मनपात बघितल्याशिवाय पूर्ण किंमत देऊ नका. गुंठेवारीत नियमित झालंय असं सांगतील, तो २००१ चा कायदा कागद नियमित करतो, फुटिंग मोठं करत नाही. इसार पावतीत एक ओळ घालून घ्या, पाया तपासून इंजिनीअरचा रिपोर्ट प्रतिकूल आला तर इसार पूर्ण परत. यावर जो विक्रेता चिडतो त्याच्याशी व्यवहार नकोच.

दुरुस्ती होते का, होते. फुटिंगच्या खाली टप्प्याटप्प्याने खणून मुरमापर्यंत काँक्रीट नेता येतं, स्ट्रॅप बीम नंतर पण घालता येतो, वरचा बेडरूम उतरवून पत्र्याची हलकी खोली केली तरी निम्मा भार जातो. पण हे कोटेशन खरेदीच्या आधी घ्यायचं असतं.

प्रश्न : आम्ही मुंबईला असतो, चिपळूणच्या जवळ एक चिऱ्याचं कौलारू घर घेतोय. मूळ घर छानच आहे. उताराच्या बाजूला पडवी वाढवून स्लॅबचा हॉल केलाय, खालून उंच पिलर आहेत, खाली गाडी लागते. आत्ता मे महिन्यात बघितलं, कुठेही भेग नाही. घ्यायला हरकत नाही ना?

उत्तर : मे महिन्यात कोकणातलं कुठलंही घर छानच दिसतं. जुलैत एकदा जाऊन या, मुक्कामालाच जा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्याचा वरचा थर कडक असला तरी त्याच्या खाली मऊ चिकण माती असते, पाणी त्या दोघांच्या मधून उताराला वाहत येतं. म्हणून कातळावर पिलर टेकवलाय म्हणजे झालं असं नाही, तो सलग कातळ आहे का सुटा पडलेला मोठा धोंडा आहे ते बघायला हवं.

तुमच्या पिलरांमध्ये वरचे आखूड आणि उताराकडचे लांब असणार. ते खाली एकमेकांना बीमने बांधलेत का? नसतील तर ते काम आधी. उताराकडच्या पिलरच्या बुडाशी माती वाहून जाऊन फुटिंगचा काठ उघडा पडलाय का बघा, आणि पिलर भराव घातलेल्या जागेत आहे का हे गावातल्या जुन्या माणसाला विचारा, पूर्वी तिथे उतार कुठवर होता ते तो हात करून दाखवेल. भराव अडवायला नुसता गडगा रचलेला असेल आणि त्याचं पोट बाहेर आलं असेल तर मी पुढे जाणार नाही. अजून एक, जुन्या कौलांचं पाणी नव्या स्लॅबच्या जोडावर पडत असेल तर पन्हळ लावून ते लांब सोडा, नाहीतर सगळं पाणी नेमकं पायाशी मुरतं.

प्रश्न : आम्ही एडिसन, न्यू जर्सीला राहतो. साठच्या दशकातलं घर बघितलंय, मूळ घराला बेसमेंट आहे, मागे नंतर जोडलेली फॅमिली रूम आहे तिच्याखाली फक्त क्रॉल स्पेस, म्हणजे सरपटत जावं लागेल एवढी बुटकी जागा. इन्स्पेक्टरने लिहिलंय की सपोर्ट पोस्ट काँक्रीट ब्लॉकवर आहेत, फुटिंग दिसत नाही, दोन ठिकाणी स्क्रू जॅक आहेत. रिअल्टर म्हणते हे इकडे कॉमन आहे. खरंच कॉमन आहे का? भारतातल्या घरांसारखं तपासायचं का?

उत्तर : कॉमन आहे, आणि चुकीचंही आहे. तुमच्याकडे मातीचा प्रश्न काळ्या मातीचा नाही, थंडीचा आहे. जमिनीतलं पाणी गोठलं की माती वर उचलली जाते, वितळली की खाली बसते. म्हणून फुटिंग गोठण्याच्या खोलीच्या खाली न्यावं लागतं, न्यू जर्सीत साधारण तीन फूट. बेसमेंटचं फुटिंग त्याच्या कितीतरी खाली असतं, ते हलत नाही, मातीवर नुसता ठेवलेला ब्लॉक मात्र दर हिवाळ्यात हलतो. फॅमिली रूमच्या दारापाशी ड्रायवॉलची (भिंतीवरच्या जिप्सम बोर्डाची) भेग फेब्रुवारीत उघडते आणि जूनमध्ये मिटते का, हे आताच्या मालकांना विचारून बघा.

क्रॉल स्पेसमध्ये स्वतः जा, जुने कपडे, टॉर्च आणि एक स्क्रूड्रायव्हर. पोकळ ब्लॉक आडवे टाकलेत का, म्हणजे भोकं बाजूला दिसतायत का? ते उभी भोकं ठेवून वजन घेतात, आडवे टाकले की चिरडतात. वरती लाकडाच्या चिपा ठोकून उंची जमवलीये का, त्या दबतात. बीमचा सांधा पोस्टच्या डोक्यावर आहे का मध्येच लोंबतोय. पोस्टच्या बुडात स्क्रूड्रायव्हर खुपसा, पाव इंच सहज गेला तर लाकूड कुजलंय. स्क्रू जॅक हा फिरवून उंची वाढवायचा लोखंडी टेकू, तो दिसतोय म्हणजे कुणीतरी आधीच कधीतरी फ्लोअर खचल्यावर आधार लावलाय, त्याच्या खाली नुसती फरशीची लादी असेल तर तो आधार नावापुरताच. एका पोस्टशेजारी छोटं फावडं घेऊन उकरलं तर ब्लॉक किती खोल आहे ते लगेच कळतं, फक्त मालकांची लेखी परवानगी घेऊन.

कागद तिकडे आपल्यापेक्षा सहज मिळतात. ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्टखाली टाउनशिपच्या क्लर्ककडे अर्ज करा, त्या पत्त्यावरचे सगळे बांधकाम परमिट मागा. ॲडिशनला परमिट निघालं होतं का, आणि निघालं असेल तर शेवटची तपासणी होऊन ते बंद झालं होतं का, दोन्ही बघा. परमिटच नसेल तर फुटिंगचा खड्डा काँक्रीट ओतण्याआधी कुणी बघितलाच नाही. होम इन्स्पेक्टरचा रिपोर्ट इशारा म्हणून चांगला आहे, निर्णय स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या सही-शिक्क्याच्या पत्रावर घ्या. ॲटर्नी रिव्ह्यूच्या, म्हणजे सही झालेला करार वकिलाने तपासायच्या, तीन कामाच्या दिवसांतच त्याला सांगून इंजिनीअरच्या तपासणीची अट करारात घालून घ्या, नंतर घालू म्हणाल तर विक्रेता ऐकेलच असं नाही.

दुरुस्ती फार अवघड नसते. मोकळ्या जागेतून पोचता येत असेल तर हेलिकल पायर, म्हणजे स्क्रूसारखं पातं असलेला लोखंडी दांडा मशीनने जमिनीत फिरवत घट्ट थरापर्यंत नेतात आणि त्यावर ब्रॅकेट लावून बीम उचलतात. आतून उंची कमी असेल तर फ्लोअर उघडावा लागतो आणि खर्च तिथे वाढतो. विक्रेता क्रेडिट, म्हणजे दुरुस्तीपोटी किमतीत सूट, देतो म्हणाला तर आकडा त्याच्याकडून येऊ देऊ नका, किती पायर लागणार आणि फ्लोअर उघडायचा का, हे लिहिलेलं कोटेशन आधी हातात घ्या. परमिटची फी त्यात धरलीये का तेही विचारा, बरेच कॉन्ट्रॅक्टर ती वेगळी लावतात.